नोटीस : भरती सुरू

"हा कोणाशी बोलतोय?"

वहाबभाई मुकादमांनी आमच्या ऑफिसात पाऊल टाकल्यावर विचारलेला हा पहिला प्रश्न. खोलीत मी एकटीच होते आणि मी गप्प होते. मग लक्षात आलं, ते कोपऱ्यातल्या संगणकाकडे बघत होते. तिथं काळ्या चौकटीत पांढऱ्या ओळी एकामागून एक उमटत होत्या आणि वरच्या ओळी चौकटीबाहेर जाऊन नाहीशा होत होत्या. बर्फ कारखान्यातलं तापमान आणि दाब वाचणारा तो प्रोग्रॅम. बसवणारा माणूस तो बसवून गेला त्याला बरेच दिवस झाले होते.

"कोणाशीच नाही," मी म्हटलं. "तो आपला चालू असतो."

"म्हणजे दिवसभर बोलतो आणि कोण ऐकत नाय."

एवढं म्हणून त्यांनी खुर्ची ओढली आणि आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे त्या संगणकासमोर बसले. मी त्यांच्यासाठी कामांची यादी काढून ठेवली होती. प्रिंटर, बिलांचा प्रोग्रॅम, मागच्या खोलीतली वायर. ती यादी त्यांनी दुपारी जेवून आल्यावर हातात घेतली.

रेवदंड्याच्या खाडीवर आमची मच्छीमार सोसायटी आहे. जेटी, बर्फ कारखाना, डिझेलचा पंप आणि हे सगळं सांभाळणारं दोन खोल्यांचं ऑफिस. ऑफिस माझ्याकडे. वहाबभाई तीसेक वर्षं 'बाहेर' होते. आमच्या किनाऱ्यावर 'बाहेर' म्हणजे आखातात. तिथल्या एका बंदराच्या संगणकखोलीत नोकरी करून ते गावी परतले, आणि घरी बसवेना म्हणून आमचे संगणक बघायला येऊ लागले. उंच, थोडे वाकलेले, मेंदी लावलेली दाढी, इस्त्रीचा पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. मनगटावरचं घड्याळ त्यांनी कधीच आपल्या वेळेला लावलं नाही, ते दीड तास मागेच चालायचं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "संगणकाचं घड्याळ बरोबर हाय ना? मग झालं. माणसाचं थोडं मागे चालतं."

आल्या आल्या त्यांनी काय केलं, ते मला समजावं म्हणून मी बराच पाठपुरावा केला. संगणकातलं मला बिलांपुरतंच येतं. पण एखादी गोष्ट आपल्या ऑफिसात रोज चालते आणि आपल्याला ती माहीत नाही, हे मला सहन होत नाही. तेव्हा मी विचारत गेले आणि ते सांगत गेले.

प्रोग्रॅम पडद्यावर बोलतो, ते वाऱ्यावर बोलणं. चौकट मिटली की बोललेलं संपलं. पण प्रत्येक संगणकाच्या पोटात एक मोठी नोंद चालू असते. संगणक स्वतःबद्दलच्या गोष्टी तिच्यात लिहितो : अमुक वेळी सुरू झालो, अमुक वेळी अमुक बंद पडलं. वहाबभाईंचं म्हणणं, आपल्या प्रोग्रॅमचं बोलणंही तिच्यातच टाकायचं. त्याला एक ओळ पुरते. आधी प्रोग्रॅमचं नाव, मग एक उभी रेघ, मग लॉगर नावाचा छोटासा प्रोग्रॅम. रेघेच्या अलीकडे जे बोललं जाईल ते पलीकडे लॉगरकडे जातं आणि लॉगर ते नोंदीत घालतो.

"ही रेघ म्हणजे पन्हळ," ते म्हणाले. वाडीत विहिरीचं पाणी झाडांच्या बुंध्याशी न्यायला पोफळीची चिरलेली पन्हळ लावतात, तशी. "विहीर तीच, पाणी तेच. पन्हळ नसली तर पायाखाली चिखल, आणि पोफळी सुकलेल्या."

ही पन्हळ लावताना एक अडचण असते, हेही त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं, आणि ते मी अजून विसरलेले नाही. प्रत्येक प्रोग्रॅमला दोन तोंडं असतात. एक बोलायचं, एक बोंबलायचं. सगळं नीट चाललेलं असताना तो पहिल्याने बोलतो, आणि काही बिघडलं की दुसऱ्याने. पन्हळीत फक्त पहिल्या तोंडाचं पडतं. दुसरं मुद्दाम वळवून पहिल्याला जोडावं लागतं. नवशिके ते विसरतात. मग नोंद बघावी तर सगळं कुशल मंगल, आणि बोंब तिकडे रिकाम्या खोलीत.

हे चालू असताना हौसाबाय दारात उभी होती. हौसाबाय म्हणजे आमच्या कमिटीतली एकुलती एक बाई, जेटीवर मासळीचा लिलाव पुकारते आणि आवाज तसाच आहे. ती म्हणाली, "वहाबभाय, माज्या घरवाल्याला पन लाव ती पन्हळ. त्याला दुसराच तोंड हाय, पयला न्हायच."

वहाबभाई हसले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, "मग त्याचं जोडायला सोपं."

त्यांचं ऐकण्याचं तंत्रच निराळं होतं. समोरचा बोलत असेपर्यंत ते एक अक्षर बोलत नसत. मान खाली, तर्जनी टेबलावर. बोलणं संपलं की ते पूर्ण ऐकल्याची पोच देत, आणि ती नोंदीतल्या ओळीसारखी असे. कोण, किती गंभीर, आणि काय. "पांडूशेठ. सांभाळ. जेटीच्या पायऱ्यांवर शेवाळ आलंय." पांडूशेठ म्हणजे आमचे अध्यक्ष. पहिल्यांदा त्यांना वाटलं, हा माणूस आपली थट्टा करतोय.

'किती गंभीर' याच्या संगणकाच्या नोंदीत आठ पायऱ्या असतात. त्यांची इंग्रजी नावं कोरड्या खोलीत बसणाऱ्या लोकांनी ठेवलेली आहेत, असं वहाबभाईंचं मत होतं. त्यांनी आमच्यासाठी नावं बदलली. सगळ्यात वरची 'बुडालो'. तिच्याखाली 'धावा'. मग 'गंभीर', 'चूक', 'सांभाळ', 'नोटीस', 'माहिती', आणि तळाला 'बडबड'. महिन्याभरात ऑफिसात सगळे याच भाषेत बोलू लागले. कारखान्यातला ऑपरेटर बाळाराम सकाळी येऊन सांगे, "मॅडम, चूक नाय, सांभाळ हाय. मागच्या पंपाचा पट्टा सैल झालाय." मला तर ते फारच सोयीचं पडलं. कोणाचं आधी ऐकायचं हे ठरवण्यात माझा अर्धा दिवस जात असे.

वहाबभाई माणसांनाही पायऱ्या लावत. पांडूशेठचं भाषण बहुतेक बडबडीत जाई. हौसाबायची हाक ऐकायला 'बुडालो' वाटते पण असते 'नोटीस'. माझ्याबद्दल मी विचारलं तर म्हणाले, "ताई, तुम्ही 'माहिती'. सदा माहिती." मला ते आवडलं की नाही, हे ठरवायला मला दोन दिवस लागले.

स्वतः ते कुठल्या पायरीवर, हे मी तेव्हा विचारलं नाही.

सगळ्यांची बोलणी एकाच नोंदीत का? तापमानाची वेगळी वही, डिझेलची वेगळी, असं मला जास्त बरं वाटलं असतं. मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "ताई, वेगळं ठेवलं की शेजार कळत नाय."

शेजार म्हणजे काय, ते पुढं कळलं. त्या हंगामात कारखान्याचा कॉम्प्रेसर मधूनच दाब वाढून बंद पडत होता. अमोनियाचं यंत्र, दाब वाढून वायू सुटला तर जीवावर बेतणारं. कारखान्याच्या भिंतीला लागूनच घरं आहेत. पनवेलचा मेकॅनिक येऊन पार्ट बदलून गेला, पुन्हा आला, पुन्हा बदलून गेला. दरम्यान वहाबभाईंनी नोंदीत एक नवाच बोलणारा आणून बसवला होता : भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा छोटा प्रोग्रॅम. भरती लागली की तो एक ओळ लिही. प्रत्येक बोलणाऱ्याला नोंदीत नाव द्यावं लागतं, म्हणजे कोण बोललं ते कळतं. याचं नाव त्यांनी ठेवलं 'भरती'.

यावर जेटीवर बरीच करमणूक झाली. कोळ्याला भरती सांगणारं यंत्र. हौसाबाय येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होती की सोसायटीनं आता दिवस उजाडला हे सांगायला पण माणूस ठेवलाय.

पण नोंद वाचताना वहाबभाईंना दिसलं की दाब वाढल्याची ओळ जेव्हा जेव्हा आली, तेव्हा तिच्या थोडं वर भरतीची ओळ होती. रोज नव्हे, पण दाब वाढला त्या प्रत्येक दिवशी. बाळाराम म्हणाला, "चंद्र मशीन बंद करतो व्हय?" भरतीच्या वेळी वहाबभाई मला घेऊन कारखान्याच्या दाराशी उभे राहिले आणि आम्ही नुसतं बघत राहिलो. पाणी चढलं, होड्या जेटीला लागल्या, बर्फ भरायची घाई झाली, आणि बर्फ फोडायची दोन्ही यंत्रं एकदम सुरू झाली. दिवे मंद झाले. कॉम्प्रेसरला गार ठेवणाऱ्या पंपाची घरघर बसली. वीज कमी पडून पंप मंदावत होता आणि दाब चढत होता, एवढंच होतं. एक यंत्र सुरू झाल्यावर चहा पिऊन दुसरं सुरू करायचं, असा नियम मी लिहून भिंतीला लावला आणि कॉम्प्रेसर बंद पडायचा थांबला.

"भरतीनं काय केलं नाय," वहाबभाई म्हणाले. "ती फक्त शेजारी होती. पण शेजारणीला माहीत असतं."

त्यानंतर त्यांची नोंद हा ऑफिसात मानाचा विषय झाला. ती ते रोज सकाळी वाचत, काळा चहा घेत, लिंबू पिळून. वाचताना ओठ हलत. मी बघत असे आणि मला कुतूहल वाटे, की दुसऱ्या कोणाला एका ओळीत जे दिसणार नाही ते यांना कसं दिसतं. आता मागे वळून बघता वाटतं, ते स्क्रीनच्या फार जवळ बसत होते. तेव्हा वाटायचं, रमलेत.

सोसायटीच्या फाटकावर, रस्त्याच्या बाजूला, लाल अक्षरांची सरकती पट्टी आम्ही बसवली तीही वहाबभाईंच्याच सांगण्यावरून. नोंदीतली नोटीस किंवा त्यावरच्या पायरीची ओळ असली की ती आपोआप पट्टीवर यायची. 'नोटीस : डिझेल : टँकर आला.' 'सांभाळ : जेटी : उजव्या बाजूला पायऱ्या निसरड्या.' माहिती आणि बडबड पट्टीवर येत नसे. भरतीची ओळ माहितीत होती, ती आतल्या आतच राही. तिचं काम शेजारधर्माचं होतं, गावभर सांगण्याचं नव्हतं.

एका थंडीतल्या सकाळी वहाबभाईंनी भरतीचं नवं वेळापत्रक घातलं आणि ती पन्हळीची ओळ नव्यानं टाइप केली. नऊच्या सुमारास पाणी चढू लागलं. मी बँकेत गेले होते. परत आले तर फाटकापासून पोस्टाच्या वळणापर्यंत रांग लागली होती. तरुण मुलं, मुली, एकदोघं चाळिशीचे. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची फाइल. रिक्षातून आणखी उतरत होते. कोणी थळहून आलेलं, कोणी थेट तळा गावाहून रोह्यामार्गे.

मी वर बघितलं. पट्टीवर लाल अक्षरं शांतपणे सरकत होती :

'नोटीस : भरती : सुरू, दुपारी तीनपर्यंत.'

त्याचा फोटो सकाळपासून जिल्हाभर फिरला होता. सोसायटीच्या फाटकावर, सोसायटीच्या पट्टीवर, नोटीस. लोकांनी यातून दुसरं काय समजायचं? आमच्या माणसांचंही एकमत नव्हतं. जेटीवरच्या कोळ्यांनी ते वाचून पाण्याकडे बघितलं आणि कामाला लागले. टेम्पोवाल्यांना वाटलं, बर्फाची भरती सुरू झाली, म्हणजे माल भरायचा, म्हणून त्यांनी टेम्पो आत घातले. आणि ज्यांच्याकडे होडी नव्हती, टेम्पो नव्हता, ते सगळे दहावी-बारावीचे दाखले घेऊन रांगेत उभे राहिले. एका शब्दानं तिघांना तीन ठिकाणी पाठवलं होतं.

मी आधी रांग सावलीत घेतली, चहा सांगितला, एसटी स्टँडला फोन करून परतीच्या गाड्या विचारल्या. वहाबभाई बाहेर आले. आपल्या वाकलेल्या उंचीसह रांगेसमोर उभे राहिले आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं की ही भरती समुद्राची आहे. चूक त्यांची आहे. नोकरी नाही.

कोणी हसलं, कोणी शिवी दिली. रांगेत मधोमध एक तिशीची बाई होती, निळी साडी, फाइल छातीशी धरलेली. ती शांतपणे म्हणाली, "समुद्राची रोज दोनदा होते, सर. आमची एकदा तरी करा."

वहाबभाईंनी मान खाली घातली. तर्जनी टेकायला टेबल नव्हतं, ती हवेतच राहिली. मग त्यांच्या पद्धतीनं त्यांनी पोच दिली, फक्त नाव विचारून. ती म्हणाली, संगीता, तळ्याची.

"संगीता," ते म्हणाले. "गंभीर." आणि पुढचं त्यांनी उच्चारलं नाही.

लोक पांगले. जाताना कित्येकांनी अर्ज माझ्या हातात दिलेच, असू द्या तुमच्याकडे म्हणून. मी ते गावांप्रमाणे लावून ठेवले.

आत येऊन मी वहाबभाईंना म्हटलं, चूक कुठं झाली ती मला दाखवा. त्यांनी ती ओळ पडद्यावर आणली. म्हणाले, "ओळ बरोबर हाय, ताई. सकाळी मी तपासली. लॉगरलाच काहीतरी झालंय."

मला त्यातलं कळत नाही, पण दोन याद्या शेजारी ठेवून तुलना करायला मला येतं. वर कॉम्प्रेसरची ओळ होती, खाली भरतीची. वरच्या ओळीत एक शब्द जास्त होता. पायरी सांगणारा. खालच्या ओळीत तो नव्हताच. आणि पायरी सांगितली नाही, तर लॉगर आपल्या मनानं 'नोटीस' धरतो, हे त्यांनीच मला कधीतरी शिकवलं होतं.

मी तिथं बोट ठेवलं. त्यांनी चेहरा पुढं नेला, नाक काचेला लागेपर्यंत. मग मान तिरकी केली, कोंबडी दाणा बघते तशी, आणि डोळ्याच्या कडेनं बघितलं. बराच वेळ.

"सकाळी इथं शब्द होता," ते म्हणाले. "मला दिसला होता. म्हणजे… मला वाटला होता."

मग त्यांनी सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आहे. कडेचं दिसतं, माणूस येतोय, होडी लागतेय, कळतं. पण जिथं नजर लावावी तिथंच काही नसतं. ओळ वाचताना मधले शब्द ते अंदाजानं भरत होते. बरेच महिने. अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे वाढत जाणार.

मी विचारलं, "ही कोणती पायरी होती, वहाबभाई?"

"मी बडबडीत टाकली होती."

"का?"

ते कसनुसं हसले. "दुसरं तोंड, ताई. पन्हळीला जोडायचं राहिलं."

मी म्हटलं, आता जोडा, कारण कमिटी चार दिवसांत बसणार आणि पांडूशेठ हा विषय सोडणार नाहीत.

पांडूशेठनी तो सोडला नाहीच. तसा माणूस वाईट नाही. दोन होड्यांचा मालक, सोसायटीची अब्रू गेली असं त्यांना मनापासून वाटत होतं. एका कंपनीचं मोबाइलवरचं ॲप त्यांनी बघून ठेवलं होतं. कारखाना ठीक असेल तर हिरवा गोल, बिघडला तर लाल. वाचायची भानगड नाही. नोंद बंद, पट्टी बंद. आणि त्यांनी सरळच विचारलं की वहाबभाईंचे डोळे चाललेत, तर उद्या ती नोंद वाचणार कोण.

वहाबभाईंना नोकरीची काळजी नव्हती, ती जाणारच होती. त्यांना एवढंच हवं होतं, की ते गेल्यावर कोपऱ्यातला तो संगणक पुन्हा रिकाम्या खोलीत बोलत बसू नये. भिंतीपलीकडे घरं होती. त्यांनी उभं राहून सांगितलं, "हिरवा गोल म्हणजे 'बरं हाय' म्हणणारा माणूस. कोणालाही विचारा, बरं हाय म्हणतो. मला विचारलं असतं तर मीपण म्हटलं असतं."

मग हौसाबाय म्हणाली, "गोल मना पन नको. माज्या घरवाल्याला इचारला का बरा हाय बोलतो, न् मंग घरभर खोकत फिरतो. वाचनारा मानूस आना. न्हाय मिलाला तर लावा तुमचा गोल."

तसा ठराव झाला. हंगाम संपायच्या आत वाचणारं माणूस मिळालं तर नोंद राहील, नाहीतर जाईल.

मी आमच्यातल्या प्रत्येकाला विचारलं. हिशेबनीस म्हणाला, मला आकडे चालतात, गप्पा नाही. बाळाराम म्हणाला, वाचत बसलो तर मशीन कोण बघेल. मला स्वतःला वेळ नव्हता. अशा कामाला माणूस लागतो तो वेळ असलेला नव्हे, कान असलेला, हे मला तोपर्यंत कळलं होतं. होळी झाली. वहाबभाई आता नोंद माझ्याकडून वाचून घेत आणि मी ती यादी वाचावी तशी धडाधडा वाचत असे. ते हात वर करत. "ताई, थोडं हळू. बोलणाऱ्याला श्वास घेऊ द्या."

एक दिवस ते म्हणाले, "ती 'आमची एकदा तरी करा' म्हणणारी. तिचा अर्ज हाय तुमच्याकडे?"

तळ्याच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर होता.

संगीता चौलला मावशीकडे राहायला आली आणि कामाला लागली. वहाबभाईंनी तिला पहिला आठवडा संगणकाजवळ फिरकू दिलं नाही. जेटीवर उभं राहायचं, लोकांचं ऐकायचं आणि संध्याकाळी येऊन ओळी सांगायच्या. कोण, कोणती पायरी, काय. पहिल्या दिवशी तिनं सगळंच 'धावा' आणि 'बुडालो'त घातलं. जेटीवर नवखी होती, हौसाबायचा लिलाव तिला भांडण वाटला.

"सगळंच बुडालोत लिहिलंस," वहाबभाई तिला म्हणाले, "तर बुडताना काय लिहिशील?"

दुसऱ्या दिवशी तिनं सगळंच बडबडीत घातलं. त्यावर ते चिडले. मी त्यांना चिडलेलं तेवढंच एकदा बघितलं. जेटीवर एका होडीचा तांडेल, म्हणजे कप्तान, सहज बोलून गेला होता की आज कारखान्याकडून वास येतोय, आणि तिनं ते बडबडीत टाकलं होतं. वहाबभाई उठले, तिला घेऊन कारखान्यात गेले. एका झडपेच्या जोडापाशी अमोनियाचा अगदी बारीक वास होता. बाळारामनं लगेच जोड आवळला. परत येताना संगीतानंच आपली ओळ बदलली : "तांडेल. सांभाळ. वास येतोय."

त्यानंतर त्यांनी तिला पडद्यासमोर बसवलं. ती वाचे, ते ऐकत. मान खाली, तर्जनी टेबलावर. ती प्रश्न फार विचारी आणि मला तिचा हेवा वाटे, कारण माझे प्रश्न संपले होते आणि तिचे सुरू होत होते. भरतीचं नाव बदलायचं का, असं मी सुचवलं, पुन्हा रांग नको म्हणून. संगीता म्हणाली, "राहू द्या ना, मॅडम. मी तेच वाचून आले." मग पायरी तेवढी नीट घातली. हंगाम संपायच्या बैठकीत हौसाबायनं वाचणारं माणूस मिळालं असं मोठ्यानं पुकारलं, लिलावात बोली मान्य करावी तसं, आणि पांडूशेठनी पहिली सही केली.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या, ते महिने वहाबभाई येत नव्हते. संगीता त्यांना रोज फोनवर नोंद वाचून दाखवी. कारखाना बंद, तरी संगणक काही ना काही बोलतच असतो.

समुद्राला नारळ वाहून झाले आणि होड्या निघायच्या सकाळी ते आले. दुसऱ्या दिवशी पनवेलला मुलीकडे कायमचे जाणार होते. तोच पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. रिक्षातून उतरून एका हातानं फाटक चाचपत उभे राहिले. मी धरायला गेले तर म्हणाले, कडेनं दिसतं, ताई, तुम्ही कडेला राहा. मी राहिले.

जेटीवर गर्दी होती, होड्यांवर पताका होत्या, हौसाबायचा आवाज सगळ्यांच्या वर होता. वहाबभाईंनी तोंड पट्टीकडे केलं.

"काय लिहिलंय?"

मी वाचलं. "नोटीस. जेटी. वहाबभाई आले."

खिडकीत संगीता होती, आमच्याकडे बघत नसल्यासारखी.

"पायरी चुकली," ते म्हणाले. "माणूस आला-गेला, ही माहिती. ती पट्टीवर चढवायची नाय. सांगा तिला."

मी सांगते म्हटलं आणि ऑफिसकडे निघाले. दोन पावलांवर त्यांनी हाक मारली.

"ताई. ती ओळ परत येते का?"

"येते. फिरून फिरून येते."

त्यांनी मान तिरकी केली, डोळ्याच्या कडेला ती लाल हालचाल पकडली आणि तसेच उभे राहिले. मागे भरतीचं पाणी जेटीच्या पायऱ्या चढत होतं.

"मग होड्या जाईपर्यंत असू दे," ते म्हणाले. "नंतर सांगा."